इंजिन बदललेल्या गाडीला धुराची परीक्षा देऊ द्या

समजा, तंजावूरच्या राजवाड्यालगतच्या एखाद्या गल्लीत भारत स्टेज तीन मानकाची जुनी डिझेल मोटार उभी आहे. सांगाडा शाबूत आहे, इंजिन मात्र थकले आहे. मालकाला अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचे भारत स्टेज सहाचे पेट्रोल इंजिन मिळते. सोबत त्याचा उत्प्रेरक, संवेदक आणि नियंत्रक संगणकही मिळतो. ते नीट बसवून देणारा कारागीर आपल्या देशात कोणत्याही जिल्ह्याच्या गावी सापडेल. सापडणार नाही तो कागद, म्हणजे ही गाडी आता पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे असे सरकारी शिक्क्यानिशी सांगणारा दाखला.

या प्रश्नाकडे हौशी लोकांचा खटाटोप म्हणून पाहिले जाते. माझ्या मते तो मोजमापाचा, म्हणून विज्ञानाचा प्रश्न आहे.

आधी कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातला तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ काटेकोरपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ मध्ये शिक्षा घातली: अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

अपवाद आहेत, आणि ते बोलके आहेत. किमान दहा व्यावसायिक वाहने बाळगणाऱ्या मालकाला त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन पूर्वपरवानगीविना बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवता येतो. 11 ऑगस्ट 2022 च्या अधिसूचनेने तर भारत स्टेज सहाच्या, साडेतीन टनांपेक्षा हलक्या वाहनांमध्ये डिझेल इंजिन काढून सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवण्याचीही वाट मोकळी केली. म्हणजे इंजिन बदलणे शासनाला तत्त्वतः अमान्य नाही. अट एवढीच, की मान्यता संचाच्या निर्मात्याने, विशिष्ट मॉडेलसाठी, पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मिळवलेली असावी. एकट्या मालकाने आपली एकच गाडी घेऊन ‘ही तपासा’ म्हणून उभे राहावे, असे दारच नाही.

ही कडकपणाची भूमिका निराधार नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. धूर स्वच्छ ठेवण्याचे काम इंजिन एकटे करीत नाही. पेट्रोल गाडीतला त्रिमार्गी उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ही तिन्ही एकाच वेळी हाताळतो. पण ते हवा आणि इंधन यांचे वजनी प्रमाण 14.7 ला 1 च्या अगदी जवळ राहिले तरच. ते प्रमाण राखण्यासाठी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन संवेदक आणि संगणक सतत एकमेकांशी बोलत असतात. उत्प्रेरक अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही; नव्या सांगाड्यात जागा नाही म्हणून तो इंजिनापासून हातभर लांब बसवला, तर थंड इंजिनाचा पहिला धूर अधिक काळ तसाच बाहेर पडतो. गाडी जड असेल किंवा गिअरचे गुणोत्तर वेगळे असेल, तर तेच इंजिन वेगळ्या भाराखाली चालते आणि वेगळा धूर सोडते. टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी कोळशाची डबी जोडायची राहिली, तर गाडी उभ्या उभ्याही हवा बिघडवते. म्हणून ‘इंजिन भारत स्टेज सहाचे, म्हणजे गाडीही भारत स्टेज सहाची’ हे समीकरण चुकीचे आहे.

मग पीयूसी आहेच की, असे कोणी म्हणेल. ते पुरेसे नाही. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी गाडी उभी असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराची अपारदर्शकता मोजते. नायट्रोजनची ऑक्साइडे ती मोजतच नाही, आणि तीच भाराखाली, तप्त ज्वलनात सर्वाधिक तयार होतात. नव्या मॉडेलच्या मान्यतेसाठी गाडी रोलरवर ठराविक चक्रानुसार पळवून दर किलोमीटरमागे ग्रॅममध्ये हिशेब मांडला जातो. पीयूसी ही नाडीपरीक्षा आहे. मान्यतेची चाचणी म्हणजे सगळ्या तपासण्या. इंजिन बदललेल्या गाडीला पहिली पुरत नाही आणि दुसरी तिच्यासाठी उपलब्ध नाही. नेमकी हीच पोकळी भरायला हवी.

पोकळी भरल्याने काय पदरात पडेल, ते आकड्यांत पाहा. भारत स्टेज तीनच्या हलक्या डिझेल प्रवासी मोटारीला नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा दर किलोमीटरला 0.50 ग्रॅम होती. भारत स्टेज सहाच्या पेट्रोल मोटारीला ती 0.06 ग्रॅम आहे. म्हणजे आठपटींहून अधिक फरक. डिझेल गाड्यांपुरतेच बोलायचे, तर कणांची मर्यादा 0.05 वरून 0.0045 ग्रॅमवर, म्हणजे अकरापटींनी खाली आली. इंजिन बदललेली गाडी नव्या मर्यादेच्या दुप्पट धूर सोडत असली, तरी ती आपल्या जुन्या रूपापेक्षा कितीतरी स्वच्छ असू शकते. पण मोजल्याशिवाय हे कळणार कसे? आणि मोजण्याची सोय नसल्यावर दोनच गोष्टी घडतात: काही जण थकलेलेच इंजिन ओढत राहतात, आणि काही जण चोरून बदल करतात. दोन्हींत हवेचे नुकसान आहे. चोरून बदल करणारा उत्प्रेरकावर पैसा का घालील? पकडले गेल्यास शिक्षा सारखीच.

इतर देशांनी हा पेच सोडवला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचे धूरनियम कडक म्हणून प्रसिद्ध आहेत, तरी तिथे इंजिन बदललेल्या गाडीसाठी स्वतंत्र पंच नेमलेले आहेत. नियम साधा आहे: नवे इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्यानंतरचे हवे, त्याच वर्गातल्या वाहनाचे हवे, आणि मूळ गाडीतली प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा त्याच्यासोबत आलेली हवी. पंच भाग तपासतो, चाचणी घेतो आणि गाडीवर ओळखपट्टी चिकटवतो. पुढच्या प्रत्येक तपासणीत गाडी त्या इंजिनाच्या मानकानेच जोखली जाते. जर्मनीत एकेका गाडीची स्वतंत्र मान्यता हा रुळलेला मार्ग आहे. ब्रिटनमध्येही एकट्या वाहनाला मान्यता देण्याची पद्धत आहे. तिन्ही ठिकाणी सूत्र एकच: मॉडेलची परीक्षा वेगळी, या एका गाडीची परीक्षा वेगळी.

एकेका प्रकरणाची नोंद ठेवण्याचा हा विचार तंजावूरला परका वाटू नये. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या काळात धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांच्या उपचारांची टिपणे ठेवली गेली: रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार कोणते, आणि सोबत त्या रुग्णाच्या डोळ्याचे चित्र. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने ती जपली आहेत. मोतीबिंदू सर्वांना होतो; पण टिपण या माणसाच्या या डोळ्याचे. सर्वसाधारण ज्ञान ग्रंथातून घ्यायचे आणि निवाडा मात्र समोरच्या उदाहरणाची तपासणी करून द्यायचा, ही शिस्त इथे दोनशे वर्षांपूर्वी होती. आपल्या वाहनकायद्याकडे ग्रंथ आहे, टिपणवही नाही.

ती वही कशी असावी? माझा प्रस्ताव चार कलमांचा आहे.

एक: बसवायचे इंजिन गाडीच्या मूळ मानकाइतके किंवा त्याहून कडक मानकाचे असावे, खालच्या मानकाचे कधीच नाही. इंजिनाचा मूळ नोंदणीक्रमांक आणि खरेदीची पावती दाखवणे सक्तीचे असावे, म्हणजे चोरीच्या इंजिनांना ही पळवाट मिळणार नाही.

दोन: उत्प्रेरक, संवेदक, वाफेची डबी आणि नियंत्रक संगणक हे सारे त्याच इंजिनाचे असावे. गाडीच्या निदान-जोडणीतून संगणकाची नोंद वाचून ही यंत्रणा जिवंत आहे याची खात्री करावी.

तीन: रोलरवर भाराखाली एक छोटी चाचणी व्हावी आणि तीत नायट्रोजनची ऑक्साइडेही मोजली जावीत. संपूर्ण मान्यताचक्राचा खर्च एका गाडीवर लादणे अन्यायाचे होईल. पण कॅलिफोर्नियाने जुन्या गाड्यांसाठी अशी आटोपशीर चाचणी वर्षानुवर्षे वापरली आहे. आज या कामासाठी तंजावूरहून सुमारे तीनशे किलोमीटरवर चेन्नईजवळच्या ओरगडमला जाणे कोणाला परवडेल? देशभर उभ्या राहत असलेल्या स्वयंचलित चाचणी केंद्रांत भाराचे रोलर आणि योग्य वायुमापक बसवले, तर हे काम जिल्ह्याच्या पातळीवर येऊ शकेल. ब्रेक आणि इंजिनाची बैठक यांची तपासणीही तिथेच व्हावी.

चार: उत्तीर्ण गाडीच्या नोंदणीपत्रात नवे इंजिन आणि नवे मानक लिहिले जावे, आणि पुढची प्रत्येक पीयूसी त्याच मानकाने व्हावी. अनुत्तीर्ण गाडी रस्त्यावर येऊ नये.

आक्षेप घेतला जाईल, की यातून भ्रष्टाचाराला नवे कुरण मिळेल, आणि विजेच्या गाड्यांच्या युगात ही उठाठेव हवी कशाला? पहिल्याचे उत्तर असे, की यंत्राने नोंदवलेले आकडे थेट राष्ट्रीय वाहन नोंदवहीत गेले, तर हात ओले करण्याची जागा आजच्यापेक्षा कमीच होईल. दुसऱ्याचे उत्तर असे, की विजेच्या संचालाही हाच प्रश्न आहे. तोही आज मॉडेलनिहाय मान्यतेतच अडकतो. ज्या गाड्या संख्येने थोड्या, ज्यांच्यासाठी संच बनवणे कोणाला परवडत नाही, त्या कायमच्या वाऱ्यावर राहतात.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विशेष विनंती. आपल्या महाविद्यालयात रोलर आणि वायुमापक असतील, तर इंजिन बदलण्याआधीचा आणि नंतरचा धूर मोजा. गाडी रस्त्यावर आणू नका. आकडे प्रसिद्ध करा. धोरण बदलायला वक्तृत्वापेक्षा अशी दहा विश्वासार्ह टिपणे अधिक उपयोगी पडतील. हवेला इंजिनावरच्या कंपनीचे नाव कळत नाही, आरसी बुकातला तपशीलही कळत नाही. तिला फक्त नळीतून काय बाहेर पडले ते कळते, आणि कायद्यानेही तेच मोजायला शिकावे.