मदतीच्या वेळी शास्त्र कशाला?

महापूर आला, जमीन हादरली की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘आत्ता शास्त्र सांगत बसू नका, आधी माणसांना मदत करा.’ बोलणाऱ्याची तळमळ खरी असते आणि त्याचे निम्मे म्हणणेही खरे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा किल्लारीत ढिगाऱ्याखालून माणसे काढायला आधी धावले ते वाचलेले शेजारीपाजारीच. पण शास्त्र म्हणजे समित्या, अहवाल आणि मागाहूनची चर्चा, हे जे या वाक्यात गृहीत धरलेले असते, ते मला मुळीच मान्य नाही.

१९७१ साल घ्या. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावला पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले आणि ते लावणारी माणसेही अपुरी पडली. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळून ड्रम भरले आणि रुग्णांना ते पाणी पाजायला लावले. पाजणार कोण? आई, भाऊ, जो उशाशी बसला असेल तो. छावण्यांत पटकीने दगावणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होते. महालनोबिस यांच्या देखरेखीखाली ते ३.६ टक्क्यांवर आले.

कळवळा तिथे आधीही होताच. आईपेक्षा जास्त तो कोणाला असणार? उणीव होती ती मापाची. पटकीच्या रुग्णाला नुसते पाणी पाजून भागत नाही. ग्लुकोज सोबत असले की आतडे मीठ शोषते आणि मिठामागोमाग पाणी आत जाते. मीठ वाजवीपेक्षा जास्त पडले, तर तेच पाणी घात करते. प्रयोगशाळेत उलगडलेली ही गोष्ट पेल्यातून त्या आईच्या हाती आली. आपण जिला जलसंजीवनी म्हणतो, तिची खरी कसोटी बनगावला लागली. तोंडावाटे एवढा उपचार होईल यावर त्या काळी पुष्कळ डॉक्टरांचा विश्वास नव्हता, हेही सांगितले पाहिजे. मी बाजू घेतो आहे ती पदवीच्या अधिकाराची नव्हे, पडताळून पाहण्याच्या सवयीची.

ही सवय नसली की मदतीचे हातच इजा करतात. ‘प्रेतांमुळे साथ येईल’ या भीतीपोटी ओळख न पटवताच घाईघाईने सामुदायिक अंत्यसंस्कार उरकले जातात. पुरात बुडून किंवा भिंतीखाली सापडून गेलेल्यांच्या देहांमुळे सहसा साथ येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना कितीतरी वर्षे सांगते आहे. साथ येते ती जिवंत माणसांना दूषित पाणी प्यावे लागल्याने. पण त्या घाईपायी एखाद्या बाईला नवऱ्याचे शेवटचे दर्शन मिळत नाही आणि पुढे मृत्यूच्या दाखल्यासाठी तिची फरपट होते. याला माणुसकी कसे म्हणायचे?

म्हणून पूरग्रस्त गावी कपड्यांचा ट्रक पाठवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आधी ग्रामपंचायतीला फोन करून विचारा: पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आहे का, ती ताजी आहे का, आणि नळाच्या शेवटच्या टोकाला पाण्यात क्लोरीन उरतो का हे पाहणारी ओटी टेस्ट कोण करतो आहे? यातले जे नसेल, ते ट्रकमध्ये आधी चढवा.