कॅन्सर गेला, पण कचारगड चढता येईल का?

गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की नातेवाईक विचारतात, "धोका टळला ना?" पेशंटचा प्रश्न वेगळा असतो. आमच्या गोंदिया जिल्ह्यात तो असा येतो: "डॉक्टर, माघ पौर्णिमेला कचारगडला जाता येईल का?"

सालेकसा तालुक्यातली ही गुहा गोंड समाजाचं श्रद्धास्थान. चढ आहे, अनेक राज्यांतून येणारी गर्दी आहे. पोटावर पिशवी असताना ती रिकामी कुठे करायची, वास आला तर काय, हे ऑपरेशनआधी तुमच्याशी कुणी बोललं होतं का? बहुतेक नाही. माझा राग यावरच आहे. पेशंट किती वर्षं जगला हे आम्ही डॉक्टर मोजतो. कसा जगला, हे विचारत नाही.

गाठ गुदद्वाराला अगदी लागून असेल तर पिशवी कायमची. थोडी वर असेल तर आतडं जोडता येतं, तात्पुरती पिशवी काही महिन्यांनी निघते. मग घरात आनंद! पण शौच साठवणारी जागाच काढलेली असते. दिवसातून अनेकदा, थोडी थोडी, एकदम घाईची होते, कधी कपड्यातच. पहिल्या वर्षात बरंच सुधारतं, काहींना त्रास राहतो. आहारातले बदल, शौच घट्ट करणारी गोळी, गुदद्वार आवळून धरण्याचे व्यायाम यांचा उपयोग होतो. सांगितलंच नाही तर माणूस "हे असंच असतं" म्हणत रोवणीला जाणं सोडतो, लग्नाला जाणं सोडतो. लघवीच्या आणि लैंगिक संबंधांच्या नसाही तिथूनच जातात. हे नवरा-बायकोला समोर बसवून सांगायला दहा मिनिटं लागतात. तीही मिळत नाहीत.

सरकारचंही तेच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. आपल्याकडचा सिकलसेल त्यात आहे, चांगलंच आहे. कायमची पिशवी नाही. ती दर काही दिवसांनी बदलावी लागते, आयुष्यभर.

म्हणून सही करण्याआधी विचारा: पिशवी कायमची की तात्पुरती? नंतर शौचाचं, लघवीचं काय होईल? पिशवीची जागा आधीच पेनाने आखून घ्या. उभं राहून, खाली बसून, धोतर किंवा लुगडं जिथे बांधता ते दाखवून. लाजू नका. चुकीच्या जागेची पिशवी रोज गळते.

आणि कचारगड? जखम भरली, अंगात ताकद आली, तुमच्या सर्जननी हो म्हटलं की जरूर जा. दोन जादा पिशव्या भोक कापून सोबत ठेवा, पाण्याची बाटली घ्या. एक तृतीयांश भरली की रिकामी करा. ओझं मात्र मुलाकडे द्या. जड उचलल्याने पिशवीशेजारी हर्निया होऊ शकतो.