कुत्रा लहान, विष तेवढंच

मंडळी, पुण्यात कुत्र्याला काही झालं तर रात्री दोन वाजताही दवाखाना सापडतो. बीड जिल्ह्यातल्या शेतवस्तीवरच्या कुत्र्याचं काय? कापसात, उसात माणसाच्या पुढे तोच धावतो. सापाशी गाठही बऱ्याचदा त्याचीच आधी पडते.

आता गंमत बघा. बहुतेक औषधांचा डोस वजनावर ठरतो. प्रतिसर्पविषाचं गणित वेगळं. साप समोरच्याचं वजन बघून विष सोडत नाही, त्यामुळे पंधरा किलोच्या कुत्र्याला माणसापेक्षा कमी बाटल्या पुरतील असं नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी १० मिलीची बाटलीही तीच, माणसांसाठी बनवलेली. तिच्यातलं १ मिली औषध नागाचं जेमतेम ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं. म्हणजे खर्च मोठा, आणि उशीर झाला की तोही वाया.

ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलं तर लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, श्वास अडतो. यावर ॲट्रोपिन आहे आणि ते स्वस्त आहे. फक्त वेळेत मिळायला हवं. घरी दूध-तूप पाजण्यात नेमकी तीच वेळ जाते.

कुणी म्हणेल, आधी माणसं. अगदी मान्य! सरकारी रुग्णालयातली एकही बाटली कुत्र्यासाठी मागू नये. म्हणूनच, मला विचाराल तर, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वेगळा साठा हवा: ॲट्रोपिन भरपूर, प्रतिसर्पविष मोजकंच. आपण सर्व्हरचा बॅकअप ठेवतो, तो काही रोज लागतो म्हणून नव्हे.