शिष्यवृत्ती चीनची, पण कशासाठी?

बारावीचा निकाल लागला, की शहापूर-मुरबाडकडं ‘चीनला स्कॉलरशिपवर डॉक्टरकी’ सांगणारे एजंट घरी येतात. समृद्धी महामार्गाचा मोबदला कुणाकडं आलाय, हे त्यांना बरोब्बर ठाऊक! मैत्रिणींनो, पैसे देण्याआधी एवढंच विचारा, शिकवणार कुठल्या भाषेत?

खरी चिनी सरकारी शिष्यवृत्ती फी, वसतिगृह, विमा आणि दरमहा भत्ता देते. पण त्यावरचं पदवीचं शिक्षण बहुतेक चिनी भाषेत, तेही आधी वर्षभर भाषा शिकून. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा २०२१चा नियम मात्र म्हणतो, की परदेशातली डॉक्टरकी इंग्रजीतूनच हवी. मग त्या फुकटच्या पदवीवर लेक इथं दवाखाना कसा उघडणार? पैसे भरून गेलेल्यांचंही ऐका : २०१५ ते २०२१ या काळात चीनहून शिकून आलेल्या ४०,४१७ जणांनी इथली परीक्षा दिली, उत्तीर्ण झाले ६,३८७.

एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी मात्र ही शिष्यवृत्ती मला मोलाची वाटते. इंग्रजीतले अभ्यासक्रम मिळतात, पदव्युत्तरला महिना ३,००० युआन भत्ता असतो आणि अर्ज थेट विद्यापीठाकडं करता येतो. एजंट हवाय कशाला?

शिवाय आदिवासी मुलामुलींसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र परदेशी शिष्यवृत्ती आहे. वर्षाला जागा २०, त्यातल्या ३ कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना आणि ३० टक्के मुलींना. आपल्या कातकरी वाड्यांवर ही बातमी कुणी पोचवलीय का? राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही अशी योजना आहे. तिची चौकशी शहापूरच्या प्रकल्प कार्यालयात करता येते.