कुत्र्याला गौताळ्यात नेऊ नका

पाऊस पडून गौताळा हिरवा झाला, की मोबाइलवर एक ठरलेला व्हिडिओ फिरू लागतो. आई, बाबा, चार वर्षांची मुलगी, बाबांच्या पाठीवर धाकटा आणि सगळ्यांच्या पुढे जीभ काढून पळणारा लॅब्रॅडॉर. खाली मजकूर: ‘आमच्या फॅमिलीचा पहिला ट्रेक’. त्यावर लाल बदामांचा पाऊस.

या कुटुंबाने डोंगरात जावं, मुलांना घेऊन जावं, पुन्हा पुन्हा जावं. माझं भांडण फक्त त्या लॅब्रॅडॉरला तिथे नेण्याशी आहे.

आधी मुलांचं बोलू. ‘एवढ्याशा पोरांना कशाला डोंगरात?’ असं विचारणाऱ्यांनी घरातले जुने फोटो काढावेत. जावळ काढायला बाळाला कडेवर घेऊन जेजुरी किंवा सप्तशृंगगड चढणारी आजी कुठल्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये होती? फरक इतकाच, की आजी दमली की पायरीवर बसायची, पदराची गाठ सोडून गूळ-शेंगदाणे काढायची. आपण मात्र मूल रडायला लागलं तरी ‘बस, पाचच मिनिटं’ असं धडधडीत खोटं बोलून त्याला ओढतो, कारण अंतूर किल्ल्यावरचा फोटो राहिलेला असतो. पितळखोऱ्यात तर आधी उतार आहे. लेणी बघायला मुलं उड्या मारत उतरतात आणि परतीच्या चढाला कडेवर येतात. म्हणून कुठून मागे फिरायचं, हे सगळ्यात लहान पायांनी ठरवावं. एवढं पाळलं तर चार वर्षांच्या मुलीला कन्नडच्या डोंगरात खुशाल न्या.

आता कुत्रा. गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. शब्द नीट वाचा: अभय-अरण्य. हे अभय सशाला, चिंकाऱ्याला, जमिनीवर अंडी घालणाऱ्या मोराला आणि तित्तराला दिलेलं आहे. त्यांच्या लेखी तुमचा ‘ब्रूनो’ हा लांडग्याचा भाऊबंद असतो. तो भुंकला नाही तरी त्याचा वास मागे राहतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीनेच जाता येतं आणि वन्य प्राण्यांना त्रास देणं हा गुन्हा आहे. ‘तो फक्त खेळत होता’ हे सशाला पटवून सांगता येत नाही.

‘आमचा पट्ट्याला बांधलेला असतो.’ ठीक आहे, पण रोगाला पट्टा नसतो. सेरेंगेटीत १९९४ मध्ये कॅनाइन डिस्टेंपरच्या साथीत जवळपास एक तृतीयांश सिंह गेले. हा विषाणू भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांकडून आल्याचं संशोधकांनी मांडलं. गीरमध्ये २०१८ साली काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. तुमच्या कुत्र्याला लस दिलेली असेल तर उत्तमच. पण त्याच्या अंगावरच्या गोचिडांना कोण लस देतं?

धोका उलट बाजूनेही आहे. गौताळ्यात बिबटे आहेत. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. ज्या प्राण्याला बिबट्या भक्ष्य समजतो, त्याचा पट्टा चार वर्षांच्या मुलीच्या हातात देऊन तुम्ही व्हिडिओ काढताय.

शिवाय कुत्र्याला तरी कुणी विचारलं? त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. ऊन पडल्यावर आपला काळा कातळ तव्यासारखा तापतो. आपण बूट घालून ‘बघा किती एन्जॉय करतोय’ म्हणतो, तेव्हा बाहेर लोंबणारी ती जीभ हसत नसते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा तर त्यात जीवही जाऊ शकतो.

यावर एक हमखास प्रश्न येतो: धनगरांची कुत्री चालतात, मग आमचंच का नाही? कारण धनगराचं कुत्रं राखणीला असतं आणि त्याच्या जिवावर कुणाचं तरी पोट असतं. त्याच्यामुळेही जंगलाला त्रास होतो, हे खरं. म्हणूनच अभयारण्याच्या आत आणि सीमेपासून ५ किलोमीटरच्या टापूतल्या गुराढोरांचं लसीकरण करण्याची जबाबदारी कायद्याने वनखात्यावर टाकली आहे. मेंढपाळाच्या गरजेचा दाखला देऊन आपली हौस भागवणं हा निव्वळ कांगावा झाला.

कुत्र्याला फिरवायचंच ना? अभयारण्याच्या हद्दीबाहेर माळ आहेत, ओळखीच्यांची शेतं आहेत. विचारून जा, ऊन चढायच्या आत जा, पाणी न्या, पट्टा सोडू नका. गौताळ्याच्या दिवशी मात्र तो घरी राहू दे, आजोबांजवळ किंवा शेजारच्या काकूंकडे.

निघताना मुलगी दारात अडून बसेल, ‘ब्रूनो का नाही?’ म्हणून रडेल. तिला थापा मारू नका. सांगा की तिथे सशाची पिल्लं आहेत, त्याला बघून ती घाबरतील. चार वर्षांच्या मुलीला हे कळतं. पटवायला वेळ लागतो तो तिच्या बाबांना.