सिलॅबस संपल्यानंतरची तीन वर्षं

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटी आहे. दहावीपर्यंत मराठी हा फक्त 'काढायचा' पेपर होता. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात.

हॉस्टेलमध्ये माझ्या कपाटावर एक काळी पेटी आहे. रूमवर नवीन आलेली प्रत्येक मुलगी विचारते, "यात काय आहे गं?" व्हायोलिन म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "अय्या, वाजवून दाखव ना!" आणि मी विषय बदलते.

शाळेत पाच वर्षं मी वेस्टर्न क्लासिकल व्हायोलिन शिकले. दरवर्षी एक ग्रेड परीक्षा, तिला तीन पीसेस, थोड्या स्केल्स. वर्षभर तेच तीन पीसेस घोटायचे. पाचव्या ग्रेडला डिस्टिंक्शन मिळालं, असेंब्लीत टाळ्या पडल्या, आईने झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. त्याच सुट्टीत आजोबांनी समोर बसवलं. रेडिओवर गजाननबुवा जोशींचं व्हायोलिन ऐकलेला माणूस तो. मी तिन्ही पीसेस वाजवले. "छान," आजोबा म्हणाले, "अजून?"

अजून काही नव्हतंच. पाच वर्षांत पंधरा पीसेस शिकले होते, त्यातले बारा विसरले होते. मग अकरावी, सीईटी आणि पेटी बंद.

हे आठवायचं कारण म्हणजे हिलरी हान. मागच्या पीएलमध्ये अभ्यास सोडून सगळं करायची इच्छा होते तशी झाली आणि या अमेरिकन व्हायोलिनवादिकेचं शिक्षण कसं झालं ते वाचत बसले. चौथा वाढदिवस महिन्यावर असताना बाल्टिमोरमध्ये तिने व्हायोलिन हातात घेतलं. मग पाच वर्षं क्लारा बर्कोविच यांच्याकडे शिकली. दहाव्या वर्षी फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळाला. तिथे गुरू मिळाले यॅशा ब्रॉड्स्की, वय ऐंशीच्या पुढे. ते स्वतः बेल्जियमचे थोर वादक यूजीन इझाय यांचे शिष्य. म्हणजे गुरु-शिष्य परंपरा फक्त आपलीच असते असं नाही!

ब्रॉड्स्कींकडे ती सात वर्षं शिकली, १९९७ मध्ये ते जाईपर्यंत. क्रॉइट्झर, शेवचिक, रोड यांचे एट्यूड्स (आपल्याकडचे पलटे-अलंकार समजा), पॅगनिनीचे कॅप्रिस आणि तब्बल २८ कॉन्चेर्तो. कॉन्चेर्तो म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने एकट्याने वाजवायची मोठी रचना. माझे पंधरा पीसेस तिच्या एका कॉन्चेर्तोत बुडून जातील.

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. सोळाव्या वर्षी तिचा पदवीचा अभ्यासक्रम पूर्ण झाला होता. आपण काय केलं असतं? सर्टिफिकेट घेऊन सुटलो असतो. ती तीन वर्षं अजून तिथेच थांबली. भाषा आणि साहित्याचे जास्तीचे विषय घेतले, चेंबर म्युझिक शिकली आणि १९९९ मध्ये पदवी घेतली. मधल्या काळात बाखच्या एकल रचनांची पहिली सीडीसुद्धा निघाली होती. सिलॅबस संपल्यावर कॉलेजात थांबणारी मुलगी! आपल्याकडे असं फक्त केटी लागलेले करतात, तेही नाइलाजाने.

माझी रूममेट म्हणाली, "ती जीनियस आहे. आपल्यासारख्यांना स्पर्धा हवीच." अगदी मान्य. स्पर्धा वाईट असतात असं मला म्हणायचंच नाही. १९३५ मध्ये वॉर्सॉच्या विन्याव्स्की स्पर्धेत १५ वर्षांची जिनेत नव्हू पहिली आली आणि २६ वर्षांचा डेव्हिड ऑइस्त्राख दुसरा. दोनच वर्षांनी ब्रसेल्सला इझायच्या नावाने स्पर्धा झाली, त्यात ऑइस्त्राख पहिला. दुसरा आला म्हणून तो संपला नाही, आणि पहिला आला म्हणून थांबलाही नाही.

ब्रसेल्सची ती स्पर्धा आज क्वीन एलिझाबेथ स्पर्धा म्हणून ओळखली जाते. तिच्या अंतिम फेरीत एक भन्नाट प्रकार आहे. पूर्वी कुणीच न वाजवलेली, स्पर्धेसाठीच लिहून घेतलेली नवी रचना स्पर्धकाच्या हातात ठेवतात आणि त्याला एक आठवडा जगापासून तोडून ठेवतात. फोन नाही, गुरू नाही. रचना आपली आपण बसवायची. मला सांगा, याचे आयएमपी कोण काढून देणार? इथे कामाला येतात ते फक्त लहानपणापासून घासलेले पलटे. चांगली स्पर्धा हेच तपासते, की पाठ केलेलं संपल्यावर तुमच्याकडे काय उरतं.

माझ्याकडे काय उरतं ते गेल्या ओरलला कळलं. एक्स्टर्नलनी विचारलं, "कॅन्टिलिव्हरमध्ये बेंडिंग मोमेंट सगळ्यात जास्त कुठे?" मी ताडकन म्हणाले, "फिक्स्ड एंडला, सर." ते म्हणाले, "का?" आणि मी गप्प. एकदम आजोबांचं "अजून?" आठवलं. मार्क चांगले पडले, तो भाग वेगळा. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मित्रमैत्रिणींनो, आपण चार वर्षं हेच करतोय. दर सेमिस्टरला तीन पीसेस बसवतो, डिस्टिंक्शन घेतो आणि पुढच्या सेमिस्टरला विसरतो. जर्नल एकीने लिहायचं आणि अख्ख्या विंगने छापायचं. कॅम्पसला रेझ्युमे भरलेला दिसतो, पण "का?" विचारलं की पेटी रिकामी.

म्हणून स्टाफला एक विनंती. सबमिशन संपल्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी लॅब उघडी ठेवा. जर्नल नाही, हजेरी नाही, मार्क नाहीत. 'याने काय होणार?' असं तुम्ही म्हणाल. कदाचित दहाच जण येतील. पण ते दहा जण बीम तुटेपर्यंत लोड देऊन बघतील, आणि "का?" त्यांना स्वतःलाच पडेल.

बाखच्या एकल व्हायोलिनच्या सहा रचना आहेत. त्यातल्या तीन हानच्या १९९७ च्या सीडीत होत्या. उरलेल्या तिघांची सीडी आली २०१८ मध्ये. मध्ये २१ वर्षं! आणि २०१७ मध्ये तिने शंभर दिवस आपल्या रियाजाचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकले. इतकी मोठी कलाकार, अजून रोज घासते आणि ते लपवत नाही.

परवा मी पेटी खाली काढली. एक तार तुटलेली होती, ती बदलली. सध्या रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा गच्चीवर फक्त स्केल्स वाजवते. खालच्या मजल्यावरच्या मुलींनी कृपया रेक्टर मॅडमकडे तक्रार करू नये. सुट्टीत घरी जाईन तेव्हा आजोबा विचारणारच आहेत.