पुलावरच्या स्लीपरसाठी लखनौला पत्र

मा. महासंचालक,
आरडीएसओ (रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संस्था), लखनौ यांस,



माझा जन्म प्लायवूडच्या धंद्यात गेला. रुळांचे शास्त्र मी शिकलेलो नाही. पण लाकूड पाण्यात काय करते, गोंद कुठे दगा देतो, हे रोजच्या कामात पाहत आलो, आणि त्याच बळावर हे पत्र लिहितो आहे.

मेन लाइनवर रुळांखालच्या लाकडी स्लीपरची जागा काँक्रीटने घेतली, हे उत्तमच झाले. सागवान, साल आणि देवदाराच्या जंगलांवरचा मोठा भार हलका झाला. पण लोखंडी गर्डरच्या पुलावर खडी नसते. तिथे काँक्रीटचा स्लीपर फार जड आणि ताठ पडतो. म्हणून पुलांवर लाकूड सर्वांत जास्त काळ टिकून राहिले; मग चॅनलचे लोखंडी स्लीपर आले, आणि पुढे राळ-तंतूंच्या काम्पोझिट स्लीपरची चर्चा सुरू झाली. पुलासाठी लाकूड किती पारखून निवडले जाई, हे तुमच्याच शास्त्रातून कळते. लाकडाची ताकद आणि कठीणपणा एकत्र मोजणारा काम्पोझिट स्लीपर इंडेक्स साध्या रुळासाठी किमान ७८३ लागत असे, पुलासाठी १४५५. म्हणजे जवळजवळ दुप्पट. पुलावर हुक बोल्ट स्लीपरला गर्डरशी आवळून धरतो, रिव्हेटच्या डोक्यासाठी खाली खाच पाडावी लागते, वरून रेल स्क्रूची भोके. या प्रत्येक भोकातून पावसाचे पाणी आत शिरते आणि स्लीपर बाहेरून धडधाकट दिसत असताना आतून कुजतो.

या कुजण्यावर जगभर वापरले गेलेले एक औषध आपल्याच देशात तयार झाले. १९३३ साली देहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे ‘अस्कू’ बनवले. आर्सेनिकमुळे आज त्यावर अनेक देशांत बंधने आहेत, आणि ती रास्तच आहेत. पण देशातली गरज ओळखून देशातल्या प्रयोगशाळेने तिच्यावर उपाय शोधला, याचे मोल त्याने कमी होत नाही. तुमची संस्था १९५७ पासून रेल्वेची मानके ठरवते आहे. लाकडाचे जाणकार देहराडून आणि बंगळुरूला बसतात, रुळांचे लखनौला. पुलाच्या स्लीपरसाठी ही माणसे एका टेबलाशी बसावीत, एवढीच माझी मागणी आहे.

जपानने १९८०च्या दशकापासून काचतंतू आणि फेसाळ युरेथेनचे कृत्रिम लाकूड रुळाखाली वापरले, पुलांवर आणि सांध्यांवर. ते टिकले. मात्र ते पेट्रोलियमच्या राळेचे आहे, महाग आहे. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत मानवेल आणि कटांग आहे, सिंधुदुर्गात जवळजवळ भरीव असा माणगा आहे. बांबूच्या पट्ट्या किंवा लागवडीच्या निलगिरीचे विनियर फिनॉलच्या गोंदाने दाबून त्याचा ठोकळा करता येतो. अशा मालाला मी ओळखतो, म्हणून त्याच्या खोडीही सांगतो. मरीन प्लाय आम्ही ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतो आणि मग सुरीने पापुद्रा सुटतो का ते पाहतो. ती कसोटी गोंदाची. २२ टनांहून जड ॲक्सल हजारो वेळा वरून गेल्यावर त्याच गोंदाच्या रेषेत काय होते, ते उकळून कळत नाही. स्क्रू किती घट्ट राहतो, हुक बोल्टखाली बांबू चेपतो का, वाळवी कुठून शिरते, याची उत्तरे कारखान्यात मिळत नाहीत.

ती उत्तरे तुमच्याकडे मिळू शकतात. एखादा कमी रहदारीचा गर्डर पूल कोकणातला घ्या, एक चंद्रपूरच्या बाजूचा, जिथे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. दोन्हींवर असे स्लीपर शेजारी-शेजारी घाला: बांबूचे, विनियरचे, राळ-तंतूंचे, लोखंडी चॅनलचे. काही वर्षे मोजा. आणि जे फसले त्याचेही आकडे सर्वांसाठी खुले करा. लहान कारखानदाराला एक साचा बनवणे परवडते, दहा वर्षे आंधळेपणाने प्रयोग करणे परवडत नाही. कुठला गोंद तिसऱ्या पावसाळ्यात सुटला, हे त्याला कळले तर तो तीच चूक पुन्हा करणार नाही. आज अपयशी नमुन्याबद्दल कोणीच बोलत नाही, त्यामुळे प्रत्येक जण नव्याने तिथेच पोचतो.

निविदेच्या आधी हे व्हायला हवे. निविदा निघाली की माल ठरलेला असतो आणि संशोधन नंतर कागदोपत्री उरते.

आमच्यासारख्यांनी नमुने पाठवायचे झाले तर कोणत्या मापाचे पाठवावेत, हुक बोल्टची भोके कुठे हवीत आणि ओलाव्याची मर्यादा किती धरावी, एवढे कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
प्लायवूड व्यवसायातील एक कारखानदार